मेलेल्या माणसाला दिलेला शब्द

मुठाकाठ | सोमवार, रात्री ११.४०

बाबा गेल्या मंगळवारी पहाटे गेले. ८१ वर्षांचे होते, आजार फार लांबला नाही. डोळे दोन तासांत दिले, देह दुपारी मेडिकल कॉलेजात पोचवला. हे सगळं त्यांनी १४ वर्षांपूर्वी फॉर्म भरून ठरवून ठेवलं होतं. त्याच फाइलमध्ये त्यांच्या अक्षरातला एक कागद आहे: 'दहावं, बारावं, तेरावं काही करू नये. मी कुठे गेलेलो नाही, संपलो आहे. माझ्यासाठी कावळ्याला ताटकळत ठेवू नये.' जानेवारीत त्यांनी माझ्याकडून तोंडीही कबूल करून घेतलं. मी हातावर हात ठेवून हो म्हटलं.

आई मंगळवारपासून झोपलेली नाही. ती फार देवदेव करणाऱ्यातली नाही, पण तिला इथे पुण्यात, ओंकारेश्वराच्या घाटावर दहावं करायचं आहे. काल म्हणाली, "त्यांना पोचवल्यासारखंच वाटत नाही गं. दवाखान्यातून दवाखान्यात नेलं फक्त." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ओंकारेश्वराचं आणखी एक आहे. तिथल्याच पुलावर २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी डॉ. दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर दर वर्षी त्या तारखेला बाबा पुलावर जाऊन उभे राहायचे, गुडघे दुखत असतानाही. त्याच पुलाशेजारी मी त्यांचे पिंड ठेवायचे?

माझा प्रश्न असा. बाबांच्या मते बाबा आता नाहीतच. दुखावून घ्यायला, रागवायला कुणी उरलेलं नाही. मग मी शब्द मोडला तर नुकसान कुणाचं? आणि नुकसान कुणाचंच नसेल, तर तो मोडायचा नुसता विचार केला तरी चोरी केल्यासारखं का वाटतं? गुरुवारी दहावा दिवस आहे.

पांथस्थ | सोमवार, रात्री ११.५८

तुमच्या वडिलांना आदरांजली. माझं मत सरळ आहे. आई जिवंत आहे, तिला झोप लागत नाही. जिवंत माणूस आधी. दहावं करून टाका, मनाला लावून घेऊ नका.

जुना_फर्ग्युसोनियन | मंगळवार, सकाळी ६.२०

पांथस्थ, इतकं सोपं असतं तर ताईंनी रात्री पावणेबाराला धागा काढला नसता.

या प्रश्नावर माणसं दोन हजार वर्षांहून जास्त काळ भांडत आली आहेत. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचं म्हणणं होतं की आपण असतो तेव्हा मरण नसतं आणि मरण येतं तेव्हा आपण नसतो, मग भ्यायचं कशाला? तुमच्या वडिलांचा कागद याच घराण्यातला आहे. हे मानलं तर मेलेल्याचं नुकसान ही गोष्टच संभवत नाही, आणि पांथस्थ जिंकतात.

पण ॲरिस्टॉटलला हे पूर्ण पटलेलं नव्हतं. जिवंत माणसाचं त्याच्या नकळत बरंवाईट होऊ शकतं, तर मेलेल्याचं का नाही, असं त्याने विचारून ठेवलंय. समजा, एखाद्याच्या पाठीमागे त्याचा मित्र त्याची वर्षानुवर्षं नालस्ती करतोय आणि त्याला हे कधीच कळलं नाही. त्याचं काहीच बिघडलं नाही असं आपण म्हणू का? मी तरी म्हणणार नाही. दुखणं वेगळं आणि वाईट होणं वेगळं. वडिलांची इच्छा 'दहावं झालं तर मला वाईट वाटेल' अशी नव्हती, 'दहावं होऊ नये' अशी होती. ती इच्छा जगाबद्दलची होती. जग अजून आहे, त्यामुळे ती आजही पाळली जाऊ शकते किंवा मोडली जाऊ शकते.

बेंथमचं उदाहरण बघा. सुखदुःखाच्या हिशेबावर सगळं नीतिशास्त्र उभारणारा माणूस. त्याच्या हिशेबात मेलेल्याला ना सुख ना दुःख. तरी स्वतःच्या देहाचं विच्छेदन करा, मग सांगाड्याला कपडे घालून बसवा, असं त्याने इच्छापत्रात बारकाव्यांसकट लिहिलं. १८३२ मध्ये तो गेला आणि त्याच्या मित्राने ते केलंही. डोकं टिकवण्याचा प्रयोग फसला म्हणून मेणाचं बसवलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तो आजही बसलेला आहे. माझं मत: शब्द पाळा.

दुसरी_शिफ्ट | मंगळवार, सकाळी ८.०५

इतकं मोठं मला लिहिता येत नाही. आमच्या आजीची गोष्ट सांगते.

भोरकडचं आमचं गाव. आजीच्या दहाव्याला कावळा शिवेना. झाडावर पाच-सहा बसलेले, खाली कुणी उतरेना. ऊन चढलं. मोठे काका म्हणाले, धाकटीचं लग्न मी करून देतो. नाही शिवला. मग वडील म्हणाले, तुझी म्हैस विकणार नाही. नाही शिवला. शेवटी आत्या पुढे आली आणि म्हणाली, "आई, मी आणि वहिनी परत बोलायला लागू." त्या दोघी चार वर्षं बोलत नव्हत्या. कावळा आला. आत्या आणि काकू तिथेच गळ्यात पडून रडल्या, आणि मग हसूही आलं सगळ्यांना, कारण म्हशीचा शब्द उगाचच दिला गेला होता.

कावळ्याला काय कळतं ते मला ठाऊक नाही. पण मला वाटतं, काकस्पर्श म्हणजे दुसरं काय, मेलेल्याला शब्द देण्याचाच विधी आहे तो. आणि इथे मेलेल्याला दिलेला शब्द मोडून तो करायचा, हे विचित्र आहे खरं.

चिंचेचं_झाड | मंगळवार, सकाळी ९.३०

दुसरी_शिफ्ट, शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

ताई, तुमचे बाबा परंपरेबाहेरचे नव्हते, एका फार जुन्या परंपरेतले होते, हे आईला सांगून बघा. परलोक न मानणाऱ्या चार्वाकांचा श्राद्धावरचा आक्षेप असा होता: इथे वाढलेलं अन्न परलोकात गेलेल्याला पोचत असेल, तर गावाला निघालेल्याने शिदोरी कशाला बांधून न्यायची? घरीच त्याच्या नावाने वाढावं, त्याचं वाटेत पोट भरेल. माधवाचार्यांनी चौदाव्या शतकात सगळ्या दर्शनांचा आढावा घेतला तेव्हा सुरुवात चार्वाकापासून केली आणि हा आक्षेप नोंदवून ठेवला. चार्वाकांचं म्हणणं आपल्यापर्यंत पोचलंय ते मुख्यतः विरोधकांच्या लिखाणातून, आणि तरीही ते इतकं धारदार आहे!

पांथस्थ | मंगळवार, सकाळी ९.४१

युक्तिवाद चांगला आहे, पण तो ऐकून त्यांच्या आईला झोप लागेल का?

चिंचेचं_झाड | मंगळवार, सकाळी ९.५०

नाही लागणार. मान्य.

दर्भ | मंगळवार, दुपारी २.१५

मी पौरोहित्य करतो. ओंकारेश्वरावर गेली २२ वर्षं दहाव्याचे विधी सांगतो आहे. या धाग्यावर मी दहावं कराच असं म्हणेन अशी अपेक्षा असेल, पण मला थोडं वेगळं सांगायचं आहे.

देहदान झालेल्यांच्या घरचे हल्ली बरेच येतात. दहन झालेलं नसतं, त्यामुळे पुढचं कसं करायचं असा प्रश्न असतो. शास्त्रात देह न मिळाल्यास पालाशविधी आहे. पळसाची ३६० पानं किंवा देठ यांची आकृती करून तिचं दहन करायचं. परदेशी मेलेला, पुरात वाहून गेलेला, यांच्यासाठी ही सोय होती. म्हणजे 'देह नाही म्हणून पोचवलं नाही' ही आईंची टोचणी फार जुनी आहे, ती आजच्या दवाखान्यांमुळे आलेली नाही.

दुसरं. आपल्याकडे 'माझं काही करू नका' म्हणणारा माणूस नवा नाही. संन्यासी दीक्षा घेतानाच स्वतःचं श्राद्ध स्वतः करून मोकळा होतो. त्याला दहन नाही, पुढे पिंड नाहीत. तुमच्या वडिलांनी देवाचं नाव न घेता तेच केलं असं मी म्हटलं तर ते कदाचित माझ्याशी भांडले असते, आणि मला ते भांडण आवडलं असतं.

तिसरं आद्य शंकराचार्यांचं. परंपरेत सांगतात की संन्यासाला परवानगी देताना आईने त्यांच्याकडून वचन घेतलं होतं, अंत्यसंस्कार तू करशील. संन्याशाला तो अधिकार नाही. जग मिथ्या आहे असं सांगत देशभर फिरलेला तो माणूस आईच्या शेवटच्या वेळी कालडीला परत आला. भाऊबंदांनी लाकडंही दिली नाहीत, तेव्हा घराच्या आवारातच त्यांनी तिला अग्नी दिला. ज्यांच्या तत्त्वज्ञानात आई आणि मुलगा हा भेदच अंतिम सत्य नाही, त्यांनी शब्द मात्र अक्षरशः पाळला. मी दर वेळी ही गोष्ट सांगताना अडखळतो.

म्हणून मी तुम्हाला शब्द मोडा असं म्हणणार नाही. दक्षिणा बुडाली तरी चालेल.

लिंबोणी | मंगळवार, दुपारी २.४०

गुरुजी, नमस्कार. पण शंकराचार्यांनी आईला दिलेला शब्द विधी करण्याचा होता. इथे शब्द न करण्याचा आहे. आणि आई तर समोर जिवंत बसली आहे. गोष्ट दोन्ही बाजूंनी लागते.

दर्भ | मंगळवार, दुपारी ३.०२

लागते. म्हणूनच अडखळतो.

गंजपेठकर | मंगळवार, संध्याकाळी ६.३०

पुण्यात राहून या विषयावर महात्मा फुल्यांची आठवण कुणी काढली नाही म्हणून लिहितो.

तात्यांची इच्छा होती की आपला देह जाळू नये, मिठात घालून पुरावा. त्यासाठी त्यांनी राहत्या घराच्या मागे जागाही करून ठेवली होती. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले. घराशेजारी पुरण्याची परवानगी मिळाली नाही आणि दहन करावं लागलं. आयुष्यभर भटभिक्षुकीच्या विधींविरुद्ध लढलेला, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढणारा माणूस, आणि त्याची शेवटची इच्छा अपुरी राहिली.

पण त्या दिवशी आणखी काय घडलं? टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेच्या पुढे न्यायचं मडकं, कुणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद काढला. दत्तक मुलाला अडवलं. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या, टिटवं हातात घेतलं आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. विधवा बाईने टिटवं धरायचं, १८९० च्या पुण्यात!

अस्थी वाड्यात आणल्या. आजही गंज पेठेत गेलात तर समाधी तिथेच आहे. मी लहानपणापासून तिथून येतो-जातो. तात्यांचा शब्द मोडला गेला का? त्या दिवशी त्यांच्या मनासारखं काय झालं आणि काय नाही, हे मी अनेकदा मनात मोजतो. मीठ नाही मिळालं. पण सावित्रीबाई पुढे चालल्या. मला वाटतं, तात्यांना विचारलं असतं तर त्यांनी मिठाचा विषय काढलाच नसता.

मुठाकाठताई, कागदावर काय लिहिलंय याच्याही मागे जाऊन बघा. बाबांना नक्की कशाचा राग होता? भातावर ठेवलेल्या तिळांचा? की घाबरवून माणसांकडून काहीतरी करून घेतलं जातं त्याचा?

मुठाकाठ | मंगळवार, रात्री १०.१०

सगळ्यांचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. आजीची म्हैस ऐकून ती आठवड्यात पहिल्यांदा हसली. गंजपेठकर, तुमचा प्रतिसाद तिने स्वतः चष्मा लावून परत वाचला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: दुसऱ्याचा. भीतीचा. त्यांच्या लहानपणी आजोबा गेले तेव्हा आजीने कर्ज काढून तेरावं घातलं होतं. ते कर्ज फेडताना बाबांची एक वर्षाची शाळा बुडाली.

लिंबोणी | बुधवार, सकाळी ७.५०

थोडं अवांतर. देहदानाचा फॉर्म भरायचा आहे, घरच्यांचा विरोध आहे. फॉर्म भरला की ते बांधील असतात का? आणि तिथे देहाचं पुढे काय होतं, कुणी आतलं सांगू शकेल का?

पहिलं_वर्ष | बुधवार, दुपारी १.३०

मी एमबीबीएस पहिल्या वर्षाला आहे. फॉर्म म्हणजे तुमची इच्छा. वेळ येते तेव्हा जवळच्या नातेवाइकांनीच देह आणून द्यायचा असतो, त्यांनी नाही म्हटलं तर कॉलेज काही करत नाही. म्हणून फॉर्मपेक्षा घरच्यांशी बोलणं महत्त्वाचं. पोस्टमॉर्टेम झालेला किंवा काही संसर्ग असलेला देह घेत नाहीत. डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात, डोळे दिल्यावर देहदान करता येतं.

आतलं सांगते. देह टिकवण्यासाठी मांडीच्या रक्तवाहिनीतून फॉर्मॅलिनचं द्रावण सोडतात. तो वास पहिला महिना केसांतून जात नाही. डिसेक्शन सुरू होण्याआधी आम्हाला सगळ्यांना उभं करून शपथ दिली, या देहाचा मान राखू, त्याची ओळख उघड करू नये, असं त्यात होतं. आमच्या टेबलवर एक आजोबा आहेत. नाव माहीत नाही, कळणारही नाही. उजवा गुडघा बदललेला आहे. तो धातूचा सांधा दिसला तेव्हा आम्ही दहाही जण गप्प झालो. तोपर्यंत तो 'देह' होता. एकदम कळलं की हा माणूस जिना चढायला त्रास होतो म्हणून डॉक्टरकडे गेला होता, ऑपरेशनला घाबरला असेल, घरी कुणीतरी त्याला व्यायाम करायला लावला असेल.

मॅडम म्हणाल्या, हे तुमचे पहिले शिक्षक. मी रोज टेबलाजवळ गेल्यावर मनात नमस्कार करते. मुठाकाठताई, आईंना सांगा, दवाखान्यातून दवाखान्यात नेलं असं नाही झालेलं. कुठेतरी दहा जण त्यांच्याभोवती उभे राहून शिकणार आहेत.

बोधी_दापोडी | बुधवार, दुपारी ३.४५

पहिलं_वर्ष, साधु साधु.

मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्याकडे, बौद्धांमध्ये, आत्मा मानत नाहीत. कुणी गेलं की पुण्यानुमोदन करतो, पिंड नाहीत. पण आत्माच नाही तर शब्द कुणी दिला आणि कुणाला, ही अडचण आमच्यापुढेही आहे. जानेवारीतल्या त्या आणि आजच्या त्या, एकच का? राजा मिलिंदाने भिक्खू नागसेनाला असंच छेडलं होतं. नागसेन म्हणतो, एकाने दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले. पकडल्यावर म्हणाला, या माणसाने लावली ती कोय वेगळी, मी काढले ते आंबे वेगळे, माझा गुन्हा काय? राजा म्हणाला, तरी शिक्षा होईल, कारण हे आंबे त्या कोयीतूनच आले.

जानेवारीतला शब्द ही कोय. कायमचा 'मी' नसला तरी जबाबदारी पुढे वाहत येते. ताईंना चोरी केल्यासारखं वाटतं असं त्यांनी लिहिलंय, तेव्हा मला हेच आंबे आठवले.

कडुनिंब | बुधवार, संध्याकाळी ५.२०

शब्द ताईंनी दिला आहे. आईने कुठे दिलाय?

जुना_फर्ग्युसोनियन | बुधवार, संध्याकाळी ५.५५

कडुनिंब, हे कायद्याचं बोलणं झालं. कागदात 'मुलीने करू नये' असं नाही, 'करू नये' असं आहे.

सॉक्रेटिसला शेवटच्या दिवशी क्रितोने विचारलं, तुला पुरायचं कसं? तो हसून म्हणाला, हवं तसं पुरा, मी हाती लागलो तर. त्याला देहाचं काही वाटत नव्हतं, म्हणून त्याने मित्रांना मोकळं सोडलं. या बाबांनी तसं सोडलेलं नाही. त्यांनी मुद्दाम लिहून ठेवलं.

कडुनिंब | बुधवार, संध्याकाळी ६.१०

बावन्न-त्रेपन्न वर्षं संसार केलेल्या बाईच्या दुःखावर नवऱ्याला लेखी हुकूम काढता येतो का, हा माझा प्रश्न आहे. स्वतःच्या देहाबद्दल त्यांनी ठरवलं, ते पाळलं गेलं. आईने शोक कसा करायचा हे तिचं आहे.

दर्भ | बुधवार, रात्री ९.००

मुलगा नसेल तर पत्नीला अधिकार आहे, शास्त्राने. भारतरत्न काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड भांडारकर संस्थेने छापला आहे, त्यात अंत्येष्टी आणि श्राद्धाचं सविस्तर आहे, कुणाला पाहायचं असल्यास. आईंनी यायचं ठरवलं तर मी सकाळी सातपासून घाटावर असेन. घाबरवणारं काहीही सांगणार नाही. पैसे घेणार नाही.

मुठाकाठ | गुरुवार, रात्री १०.४५

रात्री आईशी बोलले. कडुनिंबचा प्रश्न वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "मला त्यांनी विचारलंच नाही. तुझ्याकडून शब्द घेतला, कारण मी दिला नसता हे त्यांना माहीत होतं."

सकाळी मी तिला ओंकारेश्वरापर्यंत नेलं. मी घाटावर उतरले नाही. मी पुलावर गेले आणि बाबा जिथे उभे राहायचे तिथे उभी राहिले. वरून सगळं दिसत होतं. आईने भाताशेजारी एक स्टीलचा कप ठेवला होता, चहाचा. बाबांना सहा वाजता लागायचा तो. गुरुजींनी काही अडवलं नाही. गुरुजी, तुम्ही तिला जे सांगितलंत ते तिने मला सांगितलं, त्याबद्दल मी तुमची कायम ऋणी राहीन.

कावळा शिवला का, असं तिघांनी मेसेज करून विचारलंय. शिवला, थोड्या वेळाने. त्याआधी आई हात जोडून काहीतरी बोलली. काय, ते मी विचारलं नाही. आत्ता ती झोपली आहे.

जुना_फर्ग्युसोनियन | गुरुवार, रात्री ११.२०

आई झोपल्या हे वाचून बरं वाटलं, मनापासून. पण तुम्ही प्रश्न विचारला होता म्हणून लिहितो. शब्द पाळला गेला असं मला अजूनही वाटत नाही. गाडी तुम्हीच चालवलीत.

मुठाकाठ | गुरुवार, रात्री ११.५२

हो. पुलावर उभी असताना मलाही तेच वाटत होतं. हे ज्यांच्याशी वाद घालून मिटवलं असतं ते बाबाच होते.